शिवशिवणारे हात



कार्यक्रमाच्या चालकांनी मला विषय दिला होता ‘औद्योगिक सुरक्षितता’. त्यावर बोलायला कारखान्याच्या गेटवरच्या पाट्या पुरेशा आहेत. मी त्यातला एकच कोपरा उचलतो. ज्या माणसाला यंत्र चालवायला बसवलंय, तो गरज नसताना त्याला हात का लावतो? व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवतो, सेटपॉइंट दोन अंशांनी सरकवतो, ऑटोवर चाललेलं मॅन्युअलवर घेतो आणि पाच मिनिटांनी परत ऑटोवर टाकतो. विचारलं तर सांगतो, ‘काही नाही साहेब, जरा ॲडजस्ट केलं.’ या ‘जरा ॲडजस्ट’वर मी बोलणार आहे.

आम्हाला आयटीआयमध्ये शिकवणारे एक मास्तर होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला एका प्रेशर गेजसमोर उभं केलं आणि पंधरा मिनिटं नुसतं बघायला सांगितलं. काटा थरथरत होता. सोळा-सतरा वर्षांची पोरं आम्ही. तिसऱ्या मिनिटाला एकानं काचेवर टिचकी मारलीच. मास्तर म्हणाले, “काटा हलतोय, प्रेशर नाही हलत. तू कुणाला धरायला निघालास?” तेव्हा आम्ही हसलो. वाक्याचा अर्थ कळायला मला पुढची बारा वर्षं लागली, आणि तो कळला साखर कारखान्यात, चुन्याच्या टाकीपाशी.

कारखाना पश्चिम महाराष्ट्रातला. नाव सांगत नाही. त्याच्या संचालक मंडळातले दोघं समोर बसलेत. (हशा) ज्यांनी साखर फक्त चहात पाहिली त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उसाचा रस गाळून आला की त्यात चुना कालवलेलं दुधासारखं पाणी सोडतात आणि गंधक जाळून केलेला वायू देतात. मग गाळ खाली बसतो आणि वर निवळ रस राहतो. सगळी कसरत असते ती रसाचा पीएच, म्हणजे सामू, सातच्या आसपास ठेवायची. चुना कमी पडून रस आंबट राहिला तर साखर फुटते आणि पोत्यात यायच्या ऐवजी मळीत जाते. चुना जास्त झाला तर रसाला रंग चढतो आणि साखर लालसर होते. त्यामुळे चुन्याच्या व्हॉल्व्हवर बसलेल्या माणसाकडे सगळ्यांचं लक्ष, आणि त्याचं सगळं लक्ष मीटरवर. काटा जरा खाली गेला की चुना वाढव, वर गेला की कमी कर. आठ तास हेच. पाळी संपेपर्यंत त्याचं मनगट दुखायचं, आणि आम्ही त्याला मेहनती म्हणायचो.

एका हंगामात साखरेच्या रंगाची फार ओरड झाली. मी पीएच रेकॉर्डरचे आठवडाभराचे कागद काढले आणि ऑफिसच्या फरशीवर एकापुढे एक अंथरले. सगळीकडे करवतीचे दाते. रोज पहाटे मात्र एक जागा अशी सापडायची की तिथे रेघ बऱ्यापैकी सरळ. दोन ते चारच्या दरम्यान. मी खूश झालो. म्हटलं, रात्रपाळीच्या माणसाकडे काहीतरी कसब आहे, त्याला बाकीच्यांना शिकवायला लावू. त्याला बोलावलं. तो आला, कागद बघितला आणि कानकोंडा झाला. दोन ते चार तो झोपलेला असायचा.

त्या दिवशी मला मास्तर आठवले.

रस काही एका शेतातून येत नाही. एक गाडी पूर्वहंगामी उसाची, दुसरी खोडव्याची, तिसरी तोडून दोन दिवस उन्हात पडलेली. चुन्याचं पाणीही कधी दाट, कधी पातळ. अशा शंभर बारीक कारणांनी पीएच थोडा वर-खाली होणारच. त्यात कुणाची चूक नसते आणि कुणाचा पराक्रमही नसतो. ही थरथर म्हणजे त्या यंत्रणेचा श्वास. वॉल्टर शूहार्ट नावाच्या अमेरिकन संशोधकानं बेल टेलिफोनच्या कामात असताना 1924 मध्ये एका टिपणात हाच प्रश्न धरला होता: यंत्रातून येणाऱ्या मालातला कोणता फरक नुसता योगायोगाचा, आणि कोणत्या फरकामागे शोधून काढता येईल असं कारण आहे? त्यानं कागदावर वर एक मर्यादा आखली, खाली एक आखली. रेघ या दोहोंच्या आत नाचत असेल तर नाचू द्या. बाहेर गेली तर उठा आणि कारण शोधा. नियंत्रण-आलेख म्हणतात तो हाच. हे गृहस्थ आपल्याकडेही येऊन गेले आहेत. स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षाच्या अखेरीला, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीसांच्या निमंत्रणावरून. आपल्या उद्योगांना हे शास्त्र नवं नाही. ते कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेलं असतं, चुन्याच्या टाकीपाशी पोचत नाही, एवढंच.

शूहार्टच्या वाटेनं पुढे गेलेले एडवर्ड्स डेमिंग आपल्या वर्गात एक प्रयोग करून दाखवत. तुम्ही घरी करून बघा. तेल ओतायचं नरसाळं, एक गोटी आणि टेबलावर खडूनं केलेली एक खूण, एवढंच लागतं. नरसाळं खुणेच्या बरोबर वर धरा आणि पन्नास वेळा गोटी सोडा. ती खुणेवर क्वचितच थांबेल. आसपास विखरून पडेल. ही झाली पहिली रीत: हात न लावण्याची. आता दुसरी रीत, शहाण्या ऑपरेटरची. गोटी खुणेच्या उजवीकडे दोन बोटं पडली की नरसाळं दोन बोटं डावीकडे सरकवायचं. प्रत्येक वेळी झालेली चूक लगेच सुधारायची. वाटतं, गोट्या आता खुणेजवळ गोळा होतील. प्रत्यक्षात पसारा वाढतो. संख्याशास्त्रज्ञ ज्याला प्रचरण म्हणतात ते बरोबर दुप्पट होतं, म्हणजे विखुरण्याची रुंदी सुमारे 41 टक्क्यांनी वाढते. कारण सोपं आहे. पहिल्या रीतीत प्रत्येक गोटीबरोबर तिची स्वतःची चूक असते. दुसऱ्या रीतीत तिच्या डोक्यावर मागच्या गोटीची चूकही बसते, उलटी करून. जी चूक पुन्हा होणारच नव्हती, तिच्यावर इलाज केल्याचं हे फळ.

डेमिंगच्या प्रयोगात आणखी दोन रीती आहेत. तिसरीत झोके वाढत जातात. ती सोडून देतो. चौथी मला फार लागते. गोटी जिथे पडली तिथेच पुढच्या वेळी नरसाळं न्यायचं. मूळ खूण विसरायची, मागच्या वेळेसारखं करायचं. यात गोटी हळूहळू टेबलावरून उतरून पार कुठेही जाते. आपल्याकडे नवा हेल्पर ज्या पद्धतीनं तयार होतो ती हीच. जुन्यानं जे केलं ते त्यानं बघितलं, त्याचं बघून पुढच्यानं केलं. तिसऱ्या पिढीतल्या माणसाला विचारा की हा व्हॉल्व्ह नेहमी अर्धाच उघडा का ठेवता, तर तो सांगतो, ‘पहिल्यापासून असंच आहे.’

शिवशिवणाऱ्या हातांना फसवणारी दुसरी गोष्ट म्हणजे उशीर. ज्यांच्या गच्चीवर सोलर आहे त्यांना सांगायला नको. नळ सोडला, पाणी गार. गरम नळ आणखी सोडला, तरी गार. वैतागून पूर्ण सोडला, आणि पाइपमधलं थंड पाणी संपल्यावर पाठ भाजली. मग घाईनं गरम बंद, गार सुरू. अंघोळ संपेपर्यंत आपण एकदा कुडकुडतो, एकदा पोळतो. पाणी सरळ होतं. उशिराचा हिशेब न धरणारा हात वाकडा होता. चुन्याच्या टाकीपासून मीटरपर्यंत रस पोचायला काही मिनिटं लागायची. तेवढ्यात आमचा माणूस व्हॉल्व्ह तीनदा फिरवून मोकळा. कारखान्यात याला ‘हंटिंग’ म्हणतात, आणि ते सुरू झालं की दोष कंट्रोलरला मिळतो.

आम्ही इन्स्ट्रुमेंटवालेही सोवळे नाही, हे इथेच कबूल करतो. झीगलर आणि निकोल्स या दोघांनी 1942 मध्ये कंट्रोलर कसा जुळवावा याचे नियम लिहून ठेवले. त्यांना आता ऐंशीवर वर्षं झाली. तरी प्रत्येक नवा इंजिनिअर आल्या दिवशी आधीच्याचे आकडे पुसतो आणि स्वतःचे भरतो. मीही भरले होते.

पुढे काय झालं ते सांगतो, कारण तिथे माझी शोभा झाली. रेकॉर्डरचे कागद दाखवून मी चीफ केमिस्टना पटवलं, आणि व्हॉल्व्हपाशी पाटी लावली: काटा या दोन आकड्यांच्या आत असेल तर हात लावू नये. दोन दिवसांत रेघ डोळ्याला दिसेल इतकी शांत झाली. मी मिशीला पीळ देत फिरत होतो. पाचव्या दिवशी दुपारी तोच रात्रपाळीवाला, आता दिवसपाळीवर आलेला, मला शोधत आला. म्हणाला, “साहेब, रस बरोबर नाही. गाळाचा रंग बघा. चुना कमी करतो.” मी मीटरकडे बघितलं. काटा सातावर, अगदी ताठ. मी म्हणालो, “पाटी वाचलीस ना? हात लावायचा नाही.” तो गेला. दोन तासांनी लॅबचा नमुना आला तेव्हा रस पार चढलेला होता. मीटरच्या इलेक्ट्रोडवर चुन्याचा थर बसला होता आणि बिचारा एकाच आकड्यावर अडकून पडला होता. काटा ताठ होता हीच खरी धोक्याची खूण होती. थरथर थांबली होती! ती मला दिसायला हवी होती; मास्तरांनी पंधरा मिनिटं उभं करून तेच तर दाखवलं होतं. त्या पाळीची साखर लाल निघाली आणि तिचा ठपका माझ्यावर यायला हवा होता. आला त्याच्यावर. मी तेव्हा बोललो नाही. आज बोलतोय.

म्हणून ‘हात लावू नका’ एवढंच सांगणारा माणूस मला अर्धवट वाटतो. झोपलेला ऑपरेटर आणि गप्प बसलेला ऑपरेटर कागदावर सारखेच दिसतात. एकाला काही माहीत नसतं. दुसरा कान, नाक, डोळे उघडे ठेवून बसलेला असतो, आणि हात आवरून धरलेला असतो.

आतापर्यंत बोललो ती निरुपद्रवी वाटणारी ढवळाढवळ. हिची एक थोरली बहीण आहे: संरक्षक साधनांचीच खोडी काढणं. अलार्म फार वाजतो म्हणून तो बंद करणं, इंटरलॉक यंत्र सारखं बंद पाडतो म्हणून तारेचा जंपर मारून तो टाळणं. हिचा इतिहास वाफेच्या इंजिनाइतका जुना आहे. 1803 मध्ये लंडनजवळ ग्रिनिचला रिचर्ड ट्रेव्हिथिकचं एक इंजिन फुटलं आणि चार माणसं मेली. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकवलेला होता आणि इंजिनावरचा पोरगा मासे धरायला गेला होता. दुसऱ्या कुणीतरी इंजिन फार जोरात चाललंय म्हणून ते थांबवलं, पण व्हॉल्व्ह मोकळा केला नाही. वाफेला जायला वाट उरली नाही. 1831 च्या जून महिन्यात अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ नावाचं इंजिन फुटलं. तिथल्या फायरमनला सेफ्टी व्हॉल्व्हची फुसफुस नकोशी झाली होती, म्हणून त्यानं तो दाबून टाकला. जिवाला तोच मुकला. कानाला त्रास होतो, एवढंच कारण. तुम्ही हसाल, पण संध्याकाळच्या पाळीला कुठल्याही कंट्रोल रूममध्ये जाऊन बघा. वाजणारा अलार्म काय म्हणतोय हे वाचण्याआधी बोट ‘ॲक्नॉलेज’वर गेलेलं असतं.

मला या दोन अपघातांपेक्षा त्यांच्या मधली एक नोंद जास्त मोलाची वाटते. 1829 मध्ये इंग्लंडात रेनहिलला रेल्वे इंजिनांची ती प्रसिद्ध स्पर्धा झाली, स्टीफन्सनचं ‘रॉकेट’ जिंकलं ती. स्पर्धेच्या अटींत एक अट होती: इंजिनाला दोन सेफ्टी व्हॉल्व्ह हवेत, आणि त्यातला एक चालकाच्या हाताला मुळीच लागणार नाही अशा जागी हवा. वा! माणसाला उपदेश न करता त्याच्या स्वभावाचा हिशेब धरून केलेली ही रचना आहे. ट्रेव्हिथिकनंही ग्रिनिचनंतर हाच धडा घेतला होता. तोही दोन व्हॉल्व्ह बसवू लागला आणि बॉयलरमध्ये उष्णतेनं वितळणारं शिशाचं बूच बसवू लागला. आपल्याकडे 1923 च्या बॉयलर कायद्यानं सेफ्टी व्हॉल्व्ह निकामी होईल असा फेरफार करणं गुन्हा ठरवलं. तो कायदा शंभर वर्षं चालला; 2025 मध्ये त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली. कायदा हवाच. पण कायदा अपघातानंतर येतो. हाताला न लागणारा व्हॉल्व्ह आधी येतो.

आता ज्या अपघाताचं नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय त्याकडे येतो. 28 मार्च 1979, पहाटेचे चार. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचा दुसरा संच. पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडले, टर्बाइन ट्रिप झालं, अणुभट्टी आपोआप थांबली. इथपर्यंत सगळं यंत्रणेनं नीट केलं. दाब वाढला म्हणून वरचा एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडला, आणि दाब उतरल्यावर तो बंद व्हायला हवा होता, तो अडकला. पॅनलवरचा दिवा मात्र विझला. तो दिवा व्हॉल्व्ह बंद झाला हे सांगत नव्हता. व्हॉल्व्हला बंद होण्याचा हुकूम गेला एवढंच सांगत होता. आपल्याकडच्या सरकारी फायलीसारखं: ‘आदेश निर्गमित’. (हशा) भट्टीतलं पाणी त्या उघड्या तोंडातून जात राहिलं. ते भरून काढायला आणीबाणीचे पंप आपोआप सुरू झाले. आणि ऑपरेटरांनी काही मिनिटांतच त्या पंपांचं पाणी कमी केलं.

का केलं? मूर्ख नव्हते ते. त्यांना शिकवलेलंच असं होतं की दाब राखणारी टाकी पाण्यानं गच्च भरू द्यायची नाही. टाकीची पातळी तर चढत होती. पाणी जास्त झालंय, कमी करा. त्यांनी काट्याला उत्तर दिलं. भट्टीच्या पोटात पाणी उकळत होतं आणि तळपत्या इंधनकांड्या उघड्या पडत होत्या, हे सांगणारा काटाच त्यांच्यासमोर नव्हता. शंभरावर अलार्म एकदम ओरडत होते. अडकलेल्या व्हॉल्व्हच्या वाटेवरचा दुसरा व्हॉल्व्ह सव्वासहानंतर कुणीतरी बंद केला. तोवर सव्वादोन तासांहून अधिक गेले होते. गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचा निष्कर्ष असा की सुरुवातीला ते आणीबाणीचं पाणी तसंच चालू राहिलं असतं तर ही घटना किरकोळ ठरली असती. म्हणजे पंपांना हात लावला नसता तर!

इथे थांबलो तर मी पुन्हा त्या पाटीवाल्या साहेबाचीच चूक करीन. त्याच आयोगासमोर आणखी एक गोष्ट आली. सप्टेंबर 1977 मध्ये, म्हणजे दीड वर्ष आधी, ओहायोमधल्या डेव्हिस-बेसी केंद्रात याच बनावटीच्या संचात हाच प्रकार घडला होता. व्हॉल्व्ह अडकला, ऑपरेटरांनी आणीबाणीचं पाणी कमी केलं. तेव्हा संच फक्त 9 टक्के शक्तीवर चालू होता आणि वीसेक मिनिटांत चूक लक्षात आली, म्हणून निभावलं. संच बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअरांनी इशाऱ्याची टिपणंही लिहिली. ती टिपणं या टेबलावरून त्या टेबलावर गेली आणि तिथेच राहिली. थ्री माइल आयलंडच्या रात्रपाळीपर्यंत त्यातला एक शब्द पोचला नाही. मग ढवळाढवळ कुणाची?

आमच्या धंद्यात एक विनोद जुना आहे. उद्याच्या कारखान्यात दोघंच असतील, एक माणूस आणि एक कुत्रा. माणूस कुत्र्याला खायला घालायला, आणि माणसानं यंत्राला हात लावला तर चावायला कुत्रा. मी पूर्वी हा विनोद प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगायचो. आता सांगताना जीभ अडखळते. माणसाला हात लावायची सवय लावतं कोण? रोज सकाळी नवाच्या मीटिंगमध्ये कागद वाचला जातो: ‘काल रात्री साखरेची रिकव्हरी पॉइंट एकनं घसरली. तू काय केलंस?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर चालत नाही. ज्यानं दहा वेळा व्हॉल्व्ह फिरवले त्याला शाबासकी नाही मिळाली तरी सुटका मिळते. तो निदान ‘प्रयत्न’ तरी करत होता. हाच पॉइंट एक दुसऱ्या दिवशी वाढतो, तेव्हा पेढे वाटतात. दोन्ही दिवशी गोटी नुसती खुणेच्या आसपास पडलेली असते. म्हणजे नरसाळं हलवायला साहेबच लावतात, आणि चुन्याच्या टाकीवरचा माणूस मनगट दुखवून घेतो.

अणुवीज केंद्रांच्या रचनेत काही देश एक संकेत पाळतात: बिघाडानंतरची पहिली तीस मिनिटं ऑपरेटरच्या हाताची गरजच पडू नये, यंत्रणेनं स्वतःला सांभाळावं. यात ऑपरेटरवर अविश्वास आहे असं मला वाटत नाही. त्याला विचार करायला दिलेली ती अर्ध्या तासाची रजा आहे. आपल्या साखर कारखान्यात, डेअरीत, रंगाच्या फॅक्टरीत अशी रजा द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

नव्या हंगामासाठी बॉयलर पेटवायच्या अग्निप्रदीपनाला आता थोडेच दिवस उरलेत. समोर बसलेल्या चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट आणि पाळीप्रमुख मंडळींना माझी एकच विनंती आहे. तुमच्या लॉगशीटमध्ये ‘किती होतं’ आणि ‘किती केलं’ असे दोन रकाने आहेत. त्यांच्या शेजारी तिसरा रकाना वाढवा: ‘का?’ आणि खाली एक ओळ कोरी ठेवा, जिथे पाळीवाला लिहू शकेल: ‘पाहिलं. हात लावायची गरज नव्हती.’ ही ओळ लिहिणाऱ्याला सकाळच्या मीटिंगमध्ये जाब विचारू नका. ‘रस बरोबर नाही’ असं लिहिणाऱ्याकडे मात्र काट्याच्या आधी जा. अशा लॉगशीटचा नमुना मी छापून आणलाय. दाराशी टेबलावर ठेवला आहे. जाताना घेऊन जा.